हाताची विद्या आणि मनाची उभारी

वृत्तपत्र हाती घेणारा वाचक त्यातील मजकूर वाचतो; तो मजकूर ज्या कागदावर छापलेला असतो त्याच्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. स्वतंत्र भारतातील वृत्तपत्रांना मात्र कित्येक वर्षे कागदाची चिंता बातमीच्या चिंतेइतकीच जाचत होती. १९६२ च्या नियंत्रण आदेशाने कागदाचा कोटा ठरे, परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात हात राखून होई, आणि देशी कागद म्हटला की एकच नाव पुढे येई, ते नेपानगरचे. १९८० नंतर म्हैसूर व केरळ येथील कारखाने उत्पादन करू लागेपर्यंत वृत्तपत्री कागद बनविणारा तो देशातील एकमेव कारखाना होता. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, तापीच्या खोऱ्यात वसलेले हे गाव आज मध्य प्रदेशच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते. महाराष्ट्राची सीमा तेथून दूर नाही आणि मराठी बोलणारी घरेही त्या मुलुखात पुष्कळ आहेत. या गावाचे स्मरण आज आम्ही कागदासाठी करीत नाही. शिकून बाहेर पडलेला तरुण कामाला उभा राहताना का अडखळतो, या प्रश्नाचे उत्तर शोधू पाहणाऱ्याला नेपानगरच्या इतिहासात बरेच काही सापडेल, म्हणून करीत आहोत.

प्रश्न काही नवा नाही. पण त्याची धार अलीकडे वाढली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे दिलेले आहेत. त्यांनुसार लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांतील बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांतील २९.१ टक्के. ज्याने पाटी हाती धरली नाही त्याच्यापेक्षा ज्याने पदवी मिळविली तो जवळजवळ नऊपट अधिक प्रमाणात रिकामा! याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा कोणी लावू नये. निरक्षराला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर पत्करतो. पदवीधर आपल्या शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो. परंतु वाट पाहणाऱ्याची गुणवत्ता तरी कामाला पुरेशी आहे काय? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचा अंदाज उद्धृत केला होता. म्हणजे दोघांपैकी एक जण, शिक्षण पुरे करूनही, कामाच्या उंबरठ्याबाहेरच उभा आहे.

यावर सध्या सर्वत्र एक उपाय योजिला जातो. महाविद्यालयांतून ‘व्यक्तिमत्त्व विकासा’ची शिबिरे भरतात. मुलाखतीला कसे बसावे, हस्तांदोलन कसे करावे, इंग्रजीत स्वतःची ओळख चार वाक्यांत कशी करून द्यावी, हे दोन दिवसांत शिकविले जाते आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र वाटले जाते. आत्मविश्वास हा जणू अंगावर चढविण्याचा कोट आहे, मुलाखतीपुरता घालावा आणि घरी येऊन खुंटीला टांगावा! पी हळद आणि हो गोरी, असल्या या उपायाने कोणाचे भले झाले असेल तर ते शिबिरे भरविणाऱ्यांचेच.

आत्मविश्वास कोठून येतो, याचा शास्त्रीय विचार अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडला. हे काम मला जमेल, असा विश्वास माणसाच्या ठायी चार वाटांनी येतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव ही पहिली वाट. आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते पार पाडताना पाहणे ही दुसरी, कोणी धीर देणे ही तिसरी, आणि स्वतःच्या शरीरमनाची त्या वेळची अवस्था ही चौथी. या चारींत सर्वांत बळकट वाट पहिली. आमची शिबिरे जो धीर देतात तो तिसऱ्या वाटेचा आहे, आणि कृतीचा आधार नसलेला धीर पहिल्याच अपयशाबरोबर ओसरून जातो. आमच्या किनाऱ्यावरील कोणत्याही रापणकाराला हे सांगण्यासाठी मानसशास्त्रज्ञाची गरज भासणार नाही. पोहता येते हा विश्वास पाण्यात उतरल्यावर येतो, काठावरच्या व्याख्यानाने येत नाही.

नेपानगरचा कारखाना हे असे पाणी होते. २५ जानेवारी १९४७ रोजी एक खासगी कंपनी म्हणून त्याची स्थापना झाली. १९४९ साली प्रांतिक सरकारने व्यवस्थापन हाती घेतले, २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला, आणि १९५९ मध्ये त्याचे नियंत्रण केंद्राकडे आले. आरंभी वर्षाला ३०,००० टन कागद काढण्याची त्याची क्षमता होती. ती पुढे ८८,००० टनांपर्यंत नेण्यात आली. आसपासच्या रानांतील सालई व बांबू हा त्याचा कच्चा माल. सालईसारख्या लाकडापासून वृत्तपत्री कागद काढणे ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. ते तंत्र बसविताना केवळ यंत्रे उभी राहिली नाहीत, ती चालविणारी माणसेही घडत गेली.

कागदयंत्रावरचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना या घडण्याचा अर्थ कळेल. लगद्याचा जो प्रवाह यंत्राच्या जाळीवर येतो त्यात शंभर भागांत सुमारे नव्याण्णव भाग पाणीच असते. जाळीवर ते गळते, दाबाच्या रुळांखाली पिळले जाते, वाफेने तापलेल्या रुळांवरून जाताना सुकते, आणि शेवटी कोरडा कागद रिळावर गुंडाळला जातो. या धावत्या प्रवाहात मध्येच कोठे पट्टा तुटला की सारे खोळंबते. त्या क्षणी काय करायचे हे पुस्तकात वाचून कळते; पण हात न थरथरता ते करणे कळते ते वर्षानुवर्षे जुन्या कामगाराच्या शेजारी उभे राहून. यंत्राच्या आवाजातला फरक ओळखणे, लगदा बोटांत घेऊन त्याचा दाटपणा अजमावणे, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी वीज तोडली आहे याची स्वतः खातरजमा करणे, ही सारी शिस्त अंगात मुरावी लागते. ज्याच्या अंगात ती मुरते त्याला आत्मविश्वासाचे वेगळे शिबिर लागत नाही. त्याच्या बोलण्यात डौल नसेल, पण ‘हे मी करतो’ असे तो म्हणतो तेव्हा काम झालेले असते.

या कारखान्याच्या भोवती जे गाव उभे राहिले तेही एका अर्थाने शाळाच होते. तेथील मुलगा भोंग्याच्या आवाजावर वाढे. बाप पाळीवर जाताना व येताना तो पाही. फिटर, टर्नर, वायरमन, बॉयलरवरचा कामगार हे शब्द त्याला पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नसत. आपल्यासारख्याच घरातला एक माणूस अवघड यंत्र चालवितो, हे त्याला रोज दिसे. बांडुराने सांगितलेली दुसरी वाट हीच नव्हे काय? शाळेतील फळा आणि कारखान्याचे फाटक यांच्यात अंतर होते ते केवळ काही पावलांचे.

२०१६ साली यंत्रांच्या नवीकरणासाठी उत्पादन थांबविण्यात आले आणि हे अंतर एकाएकी वाढले. काम पुन्हा सुरू झाले ते २३ ऑगस्ट २०२२ रोजी. मधल्या काळात, २०१८ साली, केंद्र सरकारने ४६९.४१ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. तिच्यात यंत्रांसाठी भांडवल होते, तसाच कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठीही पैसा होता. सरकारी हिशेबात सहा वर्षे म्हणजे प्रकल्पाला झालेला विलंब. पण विद्यार्थ्याच्या आयुष्यात सहा वर्षे म्हणजे काय? उत्पादन थांबले त्या वर्षी जो मुलगा दहावीला होता, तो यंत्र पुन्हा फिरू लागेपर्यंत पदवी घेऊन मोकळा झाला असेल. ज्या वयात हात कामाला लागावयाचे त्या वयात त्याने आपल्या गावचा मोठा कारखाना निश्चल पाहिला. यंत्रावर सहा वर्षे गंज चढला तर तो खरवडता येतो. माणसाच्या उमेदीवर चढलेला गंज कोणत्या वंगणाने काढावयाचा?

दुसरे नुकसान याहूनही मूक आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन जुना कामगार घरी गेला, तेव्हा वेतनाचा बोजा हलका झाला हे ताळेबंदात दिसले. त्याच्याबरोबर तीस-तीस वर्षांची जी जाण फाटकाबाहेर गेली तिची नोंद करण्यासाठी ताळेबंदात रकानाच नव्हता. जुन्या हातांनी नव्या हातांना काम सोपवायचे, ही साखळी एकदा तुटली की प्रशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाने ती सहजी सांधत नाही. त्यातच कामाचे स्वरूप बदलले आहे. रानातल्या सालईची जागा रद्दी कागदाने घेतली. त्यावरची शाई धुऊन काढणे, मोजमापाची इलेक्ट्रॉनिक साधने वाचणे, सांडपाणी शुद्ध करणे, या कौशल्यांना आता महत्त्व आले आहे. वृत्तपत्रांचा खप मोबाईलच्या पडद्याने कमी केला, म्हणून लेखन-छपाईच्या कागदाकडेही वळावे लागले. तेव्हा बापाचे कौशल्य मुलाला जसेच्या तसे पुरणार नाही. त्याला वारशात मिळायला हवी ती बापाची शिस्त, आणि नवे शिकून घेता येईल हा भरवसा.

येथवर आम्ही कौशल्याची बाजू मांडली. पण केवळ कौशल्य पुरते असे म्हणणेही अर्धसत्य ठरेल. बऱ्हाणपूरच्या परिसरात यंत्रमाग आहेत, केळीच्या बागा आहेत, आणि डोंगराकडे कोरकू व बारेला वस्त्या आहेत. त्या वस्तीतले मूल घरी एक भाषा बोलते, शाळेत हिंदीत शिकते, आणि मुलाखतीच्या खोलीत त्याच्यापुढे इंग्रजी येऊन उभी राहते. बिघडलेला पंप उघडून पुन्हा जोडणारा मुलगा परीक्षकांच्या टेबलापुढे मुका होतो, आणि ज्याने पान्हा कधी हाती धरला नाही तो सफाईदार बोलून जागा पटकावतो. परीक्षक समजतात, पहिल्यात आत्मविश्वास नाही. वस्तुतः त्याच्यात नसते ती परक्या भाषेची सवय. मराठी माध्यमातून शिकलेल्या आमच्याही कित्येक मुलांनी हा अन्याय सोसला आहे. वक्तृत्वाला आत्मविश्वास समजण्याची ही चूक नोकरी देणारे जोवर करीत राहतील तोवर कुशल हात मागे पडतील, आणि मागे पडलेला हात हळूहळू स्वतःच्या कौशल्याबद्दलही साशंक होईल. कौशल्यातून विश्वास येतो, तसेच विश्वास खचला की कौशल्यही वापराविना झिजते.

ही जाण आमच्या परंपरेला नवी नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. खेड्यांतून आलेल्या माणसांच्या हाती त्यांनी यंत्रे सोपविली, आणि ज्यांना लोखंडी नांगराचीही भीती वाटे त्या मुलुखात लोखंडी नांगर करून विकले. तेच नांगर विकण्याचे काम काही काळ केलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ हा मंत्र दिला. अंगमेहनत करून शिकलेला मुलगा कोणाच्या उपकाराखाली दबत नाही, ही त्यामागची दृष्टी होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा विषय सुचविला. पुढे शाळांतून त्या विषयाचे काय झाले? वर्षाच्या अखेरीस बाजारातून विकत आणलेली कागदी फुले वहीत चिकटवून गुण मिळविण्याचा तो तास झाला.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हीच खंत नव्या शब्दांत व्यक्त केली. १९ ते २४ वर्षे वयाच्या कामकरी भारतीयांत रीतसर व्यवसाय-शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी, तर जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के, हे बाराव्या योजनेतील अंदाज त्याने पुढे ठेवले. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकावे असे सुचविले, आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय-शिक्षणाचा परिचय करून देण्याचे लक्ष्य ठरविले. जर्मनीचा मुलगा आठवड्यातील काही दिवस शाळेत व बाकीचे कारखान्यात घालवितो, आणि तेथील कायदा त्या शिकाऊ मुलाला व त्याच्या मालकाला दोघांनाही बांधून ठेवतो. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, असा नियम आहे. पण कायदा पाळणे म्हणजे संख्या भरणे असे समजले गेले, तर शिकाऊ मुलगा चहा आणण्यात व कागद नेण्यात वर्ष घालवितो आणि प्रमाणपत्र घेऊन आला तसाच परत जातो.

नेपानगर येथून फार दूर आहे, तेथील गोष्टीशी गोमंतकीय वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याने खाणपट्ट्याकडे पाहावे. तिकडे एका गिरणीवर गाव उभे होते, इकडे खनिजावर तालुके उभे होते. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रक, बार्ज आणि यंत्रशाळा यांवर जगणाऱ्या घरांतील तरुणांनी तेच निश्चल दृश्य पाहिले. आमच्या राज्यात साक्षरता मोठी, दरडोई उत्पन्न मोठे, आणि तरीही केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२२-२३ व २०२३-२४ या दोन्ही वर्षी येथील बेकारीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून अधिक आढळले. याच गोव्यात वेर्णेचे कारखाने आहेत, हॉटेले आहेत, १९५७ पासून वास्कोत जहाजबांधणीही चालत आली आहे. कसबी कामगार मात्र पुष्कळदा परप्रांतातून येतो. आमचा तारवटी जगभरच्या बोटींवर नाव कमावतो, आणि त्याचाच धाकटा भाऊ घरी सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत वय घालवितो. दोघांच्या बुद्धीत फरक नाही. एकाला वेळीच कामावर चढविले गेले, दुसऱ्याला थांबण्याची सवय लागली.

एक इशारा मात्र देणे आम्हांला आवश्यक वाटते. तरुणांत कौशल्य नाही, आत्मविश्वास नाही, हे पालुपद आळवून रोजगार निर्माण करण्याच्या जबाबदारीतून सरकारने व उद्योगपतींनी अंग काढून घेऊ नये. नेपानगरचे यंत्र तेथील विद्यार्थ्यांनी बंद पाडले नव्हते. खाणींचे परवानेही आमच्या मुलांनी दिले नव्हते. जागाच नसतील तर तयारी केलेला तरुण अधिकच निराश होतो. कौशल्य हे रोजगाराला पर्याय नव्हे, ही गोष्ट प्रत्येक योजनेच्या माथ्यावर लिहून ठेवली पाहिजे. पण उद्या जागा निघाल्या तर त्या भरण्याची आमच्या मुलांची तयारी आहे काय, हा प्रश्नही टाळता येणार नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी सांभाळाव्या लागतील.

करावयाचे ते फार गहन नाही. निवृत्त कुशल कामगारांना, त्यांच्या पदवीची विचारणा न करता, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मानधनावर शिक्षक म्हणून बोलवावे. नेपानगरात ते कागदयंत्रावरचे असतील, गोव्यात बार्जच्या एंजिनावरचे. संस्थेत कोणते व्यवसाय शिकवायचे हे राजधानीतील साच्यावरून न ठरविता भोवतालच्या गरजेवरून ठरवावे. बऱ्हाणपुरात यंत्रमागाची दुरुस्ती व केळीवरील प्रक्रिया, आमच्याकडे बोटींची एंजिने व शीतगृहांची यंत्रे, हे विषय मुलांच्या डोळ्यांसमोर आहेत. शिकाऊ उमेदवाराने वर्षभरात कोणती कामे एकट्याच्या हाताने पार पाडली, याची नोंदवही ठेवावी आणि प्रमाणपत्राहून तिला अधिक किंमत द्यावी. आपण केलेले काम आपल्या भाषेत चारचौघांसमोर समजावून सांगण्याचा सराव शाळेपासून द्यावा. सांगण्यासारखे काही हाती असले म्हणजे जीभ आपोआप सुटते. आणि ‘अनुभव असलेलाच उमेदवार हवा’ अशी जाहिरात देणाऱ्यांनी, पहिला अनुभव देण्याचे कर्तव्य कोणाचे, याचे उत्तर स्वतःला द्यावे.

पालकांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलाचे हात काळे झाले तर आपली प्रतिष्ठा काळवंडते, ही समजूत आमच्या मध्यमवर्गात अजून घट्ट आहे. मुलगा कचेरीत बसला तर सुशिक्षित, यंत्राशी उभा राहिला तर मजूर, असा भेद जो समाज करतो त्याच्या मुलांना कामाचा आत्मविश्वास येणार कोठून? वृत्तपत्राचा जो कागद वाचक रोज सकाळी उलगडतो तो कोणाच्या तरी सधलेल्या हातांनी लगद्यातून अखंड बाहेर काढलेला असतो. त्या हातांना आपण विद्या मानू लागलो, तर विद्यार्थ्यांना धीर देण्यासाठी व्याख्याते शोधावे लागणार नाहीत.